काचेवरचे कुंकू

क्षीरसागरातून अमृतकलश घेऊन वर आलेल्या भगवान धन्वंतरीच्या चरणी मस्तक ठेवतो आणि मगच लेखणी उचलतो. आज आश्विन वद्य त्रयोदशी. घरोघरी धणे आणि गुळाचा नैवेद्य दाखवण्याचा, दिव्याची वात दक्षिणेकडे करण्याचा आणि औषध देणाऱ्या हातांनी आपल्या दैवताचे स्मरण करण्याचा हा दिवस. माझ्या मेहुण्याच्या कुसगावातील औषधांच्या दुकानात दर वर्षी या दिवशी धन्वंतरीची पूजा मी सांगत असे. यंदा मला बोलावणे आले नाही. ते येऊ नये हेच उचित आहे. तसे का झाले ते लिहून ठेवावे, म्हणून देवापुढची समई शांत होण्याआधीच बसलो आहे.

माझे आयुष्य मावळातल्या एका शाळेत संस्कृत शिकवण्यात गेले. सेवानिवृत्तीनंतर लोणावळ्यात येऊन राहिलो. घरी मी आणि माझी एकुलती कन्या. ती औषधशास्त्राची पदविका घेत होती त्याच काळात तिची आई गेली. माझी शाळा दूर, तिथून येण्याजाण्याची सोय जेमतेम. त्या दिवसांत तिच्या मामाने, म्हणजे याच मेहुण्याने, आणि मामीने तिला आपल्या घरी नेले आणि पोटच्या मुलीसारखे ठेवले. सकाळी तिचा डबा मामी बांधून देई. परीक्षेच्या दिवसांत मामा तिला स्वतः कॉलेजात सोडून येई. हे ऋण मी विसरलो नाही आणि तीही विसरली नाही. पुढे जे घडले त्याचे मूळ या न विसरण्यातच आहे, म्हणून ते आधी सांगितले.

पदविका झाली, फार्मसी परिषदेच्या पटावर तिचे नाव नोंदले गेले, प्रमाणपत्र आले. त्या दिवशी मी ते देवापुढे ठेवून पेढे वाटले होते. थोड्याच दिवसांत तळेगावच्या एका औषध कंपनीत तिला तपासणी विभागात नोकरी लागली. गोळ्यांच्या पट्टीवरची छपाई जराशी पुसट आली तरी सगळा माल थांबवणे हे तिचे काम. पुढेमागे लोणावळ्यातच, तुंगार्लीत, स्वतःचे छोटेसे दुकान काढावे आणि तिथे दिवसभर स्वतः उभे राहावे, अशी तिची मनीषा होती. ती फारसे बोलत नसे. पण तुंगार्लीच्या रस्त्याने जाताना एखादा बंद गाळा दिसला की तिची पावले हळू होत.

त्याच सुमारास मेहुण्याने कुसगावात मेडिकल काढायचे ठरवले. गाळा त्याचा, भांडवल त्याचे, हाताखाली वर्षानुवर्षे औषधांच्या दुकानात राबलेला एक विक्रेता. उणीव एकच होती. नोंदणी झालेला फार्मासिस्ट असल्याशिवाय दुकानाला परवाना मिळत नाही. मेहुणा आमच्याकडे चहाला आला आणि सहज म्हणाला की पोरीचे नाव तेवढे लावू. उभे राहायला माणूस आहे. आपल्या भागात याला ‘सर्टिफिकेट लावणे’ म्हणतात. दारावर तोरण लावावे इतक्या सहजपणे लोक हा शब्द उच्चारतात. माझ्या कन्येने क्षणभर माझ्याकडे पाहिले होते, एवढे मला आठवते. मी तेव्हा बशीतला चहा पीत होतो.

प्रमाणपत्र चौकटीत बसले आणि दुकानाच्या भिंतीवर, धन्वंतरीच्या तसबिरीशेजारी टांगले गेले. ती आठवडाभर दिवसा तळेगावला कामावर असे आणि रविवारी सकाळी दुकानात जाऊन बिलांवर सह्या करून येई. मी दर धनत्रयोदशीला पूजा सांगे. तसबिरीला हार घातला, गंधाक्षता वाहिल्या की मी त्या चौकटीलाही हळदकुंकू लावून फूल वाही. विद्येचे चिन्ह म्हणून, लेकीच्या कर्तृत्वाचे चिन्ह म्हणून. काचेवर कुंकवाचा तो ठिपका वर्षागणिक जाड होत गेला. पूजेचे चिन्ह पुसू नये, म्हणून कोणी पुसला नाही.

कायदा काय म्हणतो हे मला आता ठाऊक आहे. डॉक्टरांच्या चिठ्ठीवरचे औषध नोंदणीकृत फार्मासिस्टने स्वतः द्यावे, निदान त्याच्या डोळ्यांदेखत दिले जावे. नाव एकीकडे आणि माणूस दुसरीकडे, हे त्याला मान्य नाही. असे उघडकीस आले तर दुकानाचा परवाना जातोच, शिवाय पटावरचे नावही खोडले जाऊ शकते. एकदा ते नाव गेले की कुठल्याही काउंटरमागे उभे राहण्याचा अधिकार गेला. माझ्या लेकीचे सगळे भवितव्य त्या काचेमागच्या कागदावर होते, आणि त्या काचेला मी नेमाने नमस्कार करीत होतो.

दुपारी त्या दुकानाच्या बाकावर बसून वर्तमानपत्र वाचण्याचा माझा परिपाठ होता. पावसाळ्यात भुशी धरणावर घसरून गुडघे फोडून घेतलेली शहरी मुले पट्टी मागायला येत, घाटात पोट ढवळलेली कुटुंबे उलटीची गोळी मागत, आणि आसपासच्या वाड्यांवरची माणसे आपापली नेहमीची औषधे नेत. विक्रेत्याची स्मरणशक्ती दांडगी. कोणाला कुठल्या रंगाची गोळी लागते हे त्याला पाठ. त्या वाड्यांपैकी एका वाडीवरच्या मावशी नेमाने येत. पायरीवर टेकून त्या म्हणत, “भाऊ, ती गुडघ्याची द्या. मागल्या येळची. लय आराम पडतो.”

विक्रेता आमच्यासमोर उगीच नियम दाखवी. “चिठ्ठी हाय का मावशी?”

“चिठ्ठी कशाला? माजा गुडघा तुमाला ठावं न्हाई व्हय?”

आम्ही सगळे हसत असू. मीही हसत असे. मावशी पट्टी कनवटीला लावून निघून जात.

श्रावणातल्या एका सोमवारी मी शंकराच्या दर्शनाहून परस्पर दुकानात आलो होतो. कपाळी भस्माचे पट्टे, गळ्यात रुद्राक्ष, हातात बेलाची चार पाने उरलेली परडी. बाहेर पाऊस आणि गाड्यांची रांग. एक तरुण बाई छत्री मिटून आत आल्या आणि त्यांनी आपली ओळख सांगितली. त्या औषध निरीक्षक होत्या. मेहुण्याचा चेहरा उतरला, पण क्षणभरच. बाईंनी कपाटे पाहिली, बिले पाहिली, मग भिंतीवरच्या चौकटीपाशी गेल्या. नोंदणीचा क्रमांक वाचता येईना. त्यावर माझे कुंकू बसले होते. त्या माझ्याकडे वळून म्हणाल्या, “माफ करा हं आजोबा, पुसावं लागतंय.” त्यांनी रुमालाचे टोक ओले केले आणि फार जपून, जणू एखाद्या मुलाचा चेहरा पुसावा तसा, तो ठिपका पुसला. क्रमांक लिहून घेतला.

“फार्मासिस्ट कुठे आहेत?”

“आत्ताच घरी गेली, जेवायला,” मेहुणा म्हणाला. “हे तिचे वडील. गुरुजी आहेत, जन्मभर संस्कृत शिकवलंय त्यांनी.”

बाईंनी माझ्याकडे पाहिले. कपाळाकडे पाहिले, माळेकडे पाहिले, आणि हात जोडले. “हो का आजोबा? घरीच आहेत ना त्या?”

माझी कन्या त्या वेळी तळेगावला कंपनीत होती. माझी मान हलली. हलली असे लिहिणे सोयीचे आहे. मी ती हलवली.

“तुम्ही सांगताय म्हणजे झालं,” त्या म्हणाल्या. “पुन्हा येईन तेव्हा भेटेन त्यांना.” आपल्या कागदावर काही लिहून, मेहुण्याची सही घेऊन त्या पावसात निघून गेल्या.

त्या रस्त्याच्या वळणावर दिसेनाशा झाल्या तसा मेहुण्याने सुस्कारा सोडला आणि माझ्या खांद्यावर हात ठेवला. “भाऊजी, आज तुमच्या भस्मानं वाचवलं. तिचं सर्टिफिकेट भिंतीवर, तुमचं कपाळावर.” विक्रेता मोठ्याने हसला. मेहुण्याने समोरून चहा मागवला. मी तो चहा घेतला.

घरी येऊन मी स्नान केले. भस्म धुतले गेले. सायंसंध्येला बसलो तेव्हा आचमनाचे पाणी तळहातावर घेतले आणि ते ओठांपर्यंत नेण्याचा धीर होईना. ज्या बाईंनी माझे कुंकू इतक्या आदराने पुसले होते, त्यांना मी काय दिले? त्यांनी माझा शब्द घेतला नव्हता. माझ्या वेषाला प्रमाण मानले होते. तो वेष मला माझ्या वडिलांनी दिला आणि त्यांना त्यांच्या वडिलांनी. मेहुणा थट्टेत बोलून गेला ते अक्षरशः खरे होते. लेकीने आपले नाव लावायला दिले, मी आपले कपाळ.

कन्या कामावरून आली, तिने ताटे मांडली. मी काही बोललो नाही. दुसऱ्या दिवशीही बोललो नाही. लाज ही अशी असते की ती आधी जीभ धरते. दुकानाच्या बाकावर जाणे मात्र मी थांबवले, आणि गुडघे दुखतात असे कारण सांगितले. ती लगेच म्हणाली की गोळी मनानेच घेऊ नका.

गणपती होऊन गेल्यावर बाजारात मला त्या मावशी भेटल्या. भाजीवालीच्या ओट्यावर बसल्या होत्या. पाय सुजून कुंभासारखे झाले होते. मी चौकशी केली तेव्हा त्यांनी सगळी कथा सांगितली. त्यांना रक्तदाब होता, त्याची गोळी सरकारी दवाखान्यातून चालू होती. वर ही दुखण्याची गोळी त्या महिनोन्‌महिने खात होत्या. अंगाला सूज आली, लघवी कमी झाली, तेव्हा मुलाने डॉक्टरांकडे नेले. मूत्रपिंडावर ताण आला आहे असे निघाले. वेळेत आलात, असे डॉक्टर म्हणाले.

“डाक्टर लय रागावलं, गुरुजी,” मावशी म्हणाल्या. “म्हनलं, ही गोळी कुनी दिली तुमाला? म्या म्हनलं, मेडिकलच्या बाईंनी. हातात भाऊंनी दिली, पर भित्तीवर नाव हाय की बाईंचं. माज्या नातीनं वाचून दावलंवतं.”

मावशींनी माझ्या कन्येला कधी पाहिले नव्हते. ती माझी कन्या आहे हेही त्यांना ठाऊक नव्हते. त्यांच्या बोलण्यात रागही नव्हता. उलट त्या म्हणाल्या की बाई शिकलेल्या आहेत, त्यांनी काय मुद्दाम केले असेल? मी त्यांच्यासाठी रिक्षा थांबवली आणि घरी आलो. हातातली पिशवी बाजारातच राहिली.

त्या संध्याकाळी मी कन्येला सगळे सांगितले. निरीक्षक बाईंचे येणे, माझी मान, मावशींचे पाय. ती उभ्याने ऐकत होती, मग भिंतीला टेकून खाली बसली. तिने विचारले, “त्यांना बीपीची गोळी चालू आहे, हे दुकानात कुणी विचारलं होतं?”

“मी तिथेच बसलेलो असे. कोणी विचारल्याचे आठवत नाही.”

“ते विचारायलाच तिथं माणूस लागतो, बाबा. गोळी काय, कपाटातून कुणीही काढून देतं.”

मी तिला विचारले की इतके ठाऊक असताना तिने हे चालू कसे दिले. ते विचारताना माझ्या आवाजात शिक्षकाचा जुना धाक आला असावा, कारण तिने मान वर केली. तिच्या डोळ्यांत पाणी होते, पण शब्द स्पष्ट होते.

“मला वाटलं, तुम्हाला सगळं ठाऊक आहे. दर वर्षी तुम्ही त्या फ्रेमला कुंकू लावायचात, फूल वाहायचात, हात जोडायचात. मी मागे उभी असायचे. दर वर्षी मनात यायचं की आज सांगावं मामाला, काढ म्हणावं. आणि दर वर्षी तुमचे हात जोडलेले बघून वाटायचं, बाबांना चालतंय म्हणजे एवढं वाईट नसेल.”

मला काय वाटत होते ते मी तिला सांगितले नसते तर ते अर्धसत्य झाले असते. मला वाटत होते की कायदा शिकलेली ती आहे. वावगे असते तर तिनेच केले नसते. मी तिच्या शिक्षणावर विसंबलो, ती माझ्या पूजेवर. घरात एकमेकांना प्रश्न विचारणे आम्ही अनादर मानत आलो, आणि त्या आदराच्या आडोशाला हे सगळे सुखाने वाढले. माझी पूजाच तिची अनुज्ञा झाली होती. आयुष्यात मी पुष्कळ पूजा केल्या. त्यांपैकी एखादी कोणाला पापाचे धैर्य देत असेल, हे माझ्या स्वप्नातही आले नव्हते.

दुसऱ्या दिवशी आम्ही दोघे मेहुण्याकडे गेलो. त्याला दुष्ट ठरवून मला सुटायचे नाही. त्याने शांतपणे ऐकून घेतले. मग तो म्हणाला की असे अनेक जण करतात, आपणच काय ते निराळे निघालो. फार्मासिस्ट शोधेपर्यंत थांबा असे विनवले. कन्या म्हणाली की नाव ती आजच काढून घेणार आणि त्या अधिकाऱ्यांना जाऊन सांगणार. तेव्हा त्याचा संयम सुटला.

“भाऊजी, तुमची पुण्याई वाढेल, माझं शटर खाली जाईल. इतकी वर्षं त्या कागदाला नमस्कार करत होतात, त्यावर काय लिहिलंय ते एकदा तरी वाचलंत?” मग तो तिच्याकडे वळला. “आणि तू गं? आई गेल्यावर डबा कोण बांधून द्यायचं तुला?”

“मामी,” ती म्हणाली. “म्हणूनच इतके दिवस गप्प बसले, मामा.”

आतल्या खोलीच्या दारात मामी उभी होती. तिने आत जाऊन किल्ल्यांचा जुडगा आणला आणि नवऱ्याच्या हातात दिला. आम्हाला दुकानावर नेऊन, ते उघडून त्याने चौकट उतरवली, कन्येच्या हाती ठेवली आणि आमच्याकडे पाठ करून शटर ओढले.

पुण्याच्या कार्यालयात त्या निरीक्षक बाईंनी मला ओळखले. त्या दिवशी मी भस्म लावले नव्हते. साधी टोपी घालून गेलो होतो. तरी त्या उठून उभ्या राहिल्या, आणि त्यामुळे मला आणखीच मेल्याहून मेल्यासारखे झाले. मी म्हणालो, “बाई, त्या सोमवारी तुम्ही मला विचारले आणि मी मान हलवली. ती मान खोटी होती.”

त्यांनी मला बसायला सांगितले, पाणी मागवले, आणि कन्येचे सगळे म्हणणे ऐकून घेतले. नंतर त्या मला म्हणाल्या, “आजोबा, हे लेखी द्यावं लागेल. तुम्ही जे लिहाल ते तुमच्या मुलीविरुद्धही जाईल. त्यांची नोंदणी जाऊ शकते. कळतंय ना तुम्हाला?”

मला कळत होते. बापाच्या मनात त्या क्षणी काय आले ते लपवत नाही. शब्द जरा सौम्य करावेत, दोन-तीन वेळाच तिने सही केली असे लिहावे, असे मनात आले. मी कन्येकडे पाहिले. तिने टेबलावरचे पेन उचलून माझ्यासमोर ठेवले आणि टोपण काढून दिले. माझ्या हाताला कंप आहे, टोपण मला चटकन निघत नाही, हे तिला ठाऊक आहे. मी सगळे लिहिले.

मेहुण्याचा परवाना काही काळ स्थगित झाला. त्याने रीतसर नोंदणी झालेला फार्मासिस्ट नेमला, आणि दुकान पुन्हा उघडले आहे. मी त्या रस्त्याने जातो तेव्हा काउंटरमागे पांढऱ्या कोटात एक तरुण उभा दिसतो. मावशींचा मुलगा परवा सांगत होता की आईची सूज उतरली. कन्येचे प्रकरण परिषदेपुढे आहे. नाव राहील, काही काळ निलंबित होईल की कायमचे खोडले जाईल, हे अजून कोणी सांगू शकत नाही. ती कामावर जाते, परत येते, तुंगार्लीच्या रस्त्याने मात्र जात नाही.

आज सकाळी घरातच धन्वंतरीची पूजा मांडली. चौकट कन्येने कपाटात जुन्या साडीत गुंडाळून ठेवली आहे. सवयीने मी कपाटाकडे वळलो. हातात शेवंतीचे एक फूल होते. ती समईची वात सारत होती. मान वर न करता म्हणाली, “नको बाबा. निकाल येऊ दे. तेव्हा तो वाचून मग ठरवू.”

मी फूल परत तबकात ठेवले.

वाचकहो, धन्वंतरी आपल्या घरादाराला दीर्घ आयुष्य आणि निरोगी देह देवो. आपल्या दारी येणारे औषध विचारून देणाऱ्या हातांतून येवो. आपल्या घरातल्या लेकरांना वडीलधाऱ्यांना प्रश्न विचारण्याचे बळ मिळो, आणि वडीलधाऱ्यांना हात जोडण्याआधी नीट पाहण्याची बुद्धी होवो. दक्षिणेकडे लावलेला आपला दिवा शांतपणे तेवत राहो.